विजेच्या गाडीला ‘इंजिन’ नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांवरील आपल्या लेखात एकाच भागाला आधी ‘इंजिन’, मग ‘मोटर’ आणि शेवटी ‘इलेक्ट्रिक इंजिन’ म्हटले आहे. इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाडीविषयी तर ‘कमी वेगात इंजिन बंद राहते आणि गाडी इंजिनवर चालते’ असे वाक्य छापून आले! त्यातले दुसरे ‘इंजिन’ म्हणजे मोटर, हे वाचकाने स्वतःच ताडायचे.

अभियांत्रिकीतला संकेत फार अवघड नाही. इंधन जाळून मिळालेल्या उष्णतेचे गतीत रूपांतर करते ते इंजिन. तयार मिळालेल्या ऊर्जेवर फिरते ती मोटर. ही ऊर्जा बहुधा विजेची असते, पण खोदकाम करणाऱ्या एक्स्कॅव्हेटरमधली हायड्रॉलिक मोटर दाबाखालच्या तेलावर फिरते आणि तरीही मोटरच ठरते. म्हणून ‘वीज म्हणजे मोटर’ एवढे पाठ करून भागत नाही.

खरा घोळ रेल्वेच्या बातम्यांत होतो. डबे ओढणाऱ्या अख्ख्या वाहनालाच आपण इंजिन म्हणतो, आणि त्यात गैर काही नाही. पण डिझेल-इलेक्ट्रिक प्रकारात आतले डिझेल इंजिन चाके फिरवतच नाही. ते अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारे यंत्र, फिरवते, त्यातून निघालेली वीज आसांजवळ बसवलेल्या ट्रॅक्शन मोटरना मिळते आणि मोटरचे छोटे दातेरी चाक आसावरच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते. मग ‘इंजिनात बिघाड’ म्हणजे नेमके काय बिघडले? एखादी ट्रॅक्शन मोटर जळाली, तर तेवढी तोडून उरलेल्या मोटरवर गाडी अनेकदा पुढे नेता येते. डिझेल इंजिनच बंद पडले, तर गाडी जागेवरच. उशीर किती होणार, हे याच तपशिलावर ठरते आणि बातमीत नेमका तोच नसतो.

अर्थात, नियमाची काठी घेऊन प्रत्येक शब्दामागे धावावे असे मी म्हणत नाही. मोटरसायकल पेट्रोलच्या इंजिनवर चालते म्हणून तिचे बारसे पुन्हा करायला नको. रॉकेटवाल्यांची रीत आणखी निराळी: घन इंधनाची ती मोटर, द्रव इंधनाचे ते इंजिन, जळते मात्र दोन्हींत. एलव्हीएम-3 या एकाच रॉकेटमध्ये बाजूला घन इंधनाच्या ‘एस-200’ मोटर आहेत आणि मधल्या टप्प्यात द्रव इंधनाची दोन ‘विकास’ इंजिने. मुळात ‘इंजिन’ शब्द लॅटिनमधल्या कल्पकतेच्या अर्थाच्या शब्दातून आला. गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने 1822 मध्ये मांडलेले ‘डिफरन्स इंजिन’ आकडेमोडीसाठी होते, त्यामुळे आजच्या ‘सर्च इंजिन’ला हसण्याचे कारण नाही. जे रुळले ते रुळले.

तांत्रिक माहिती देताना मात्र शब्द नेमका हवा. आपल्या लेखासोबतच्या तक्त्यात ‘इंजिन क्षमता, सीसी’ हा रकाना होता आणि विजेच्या गाड्यांपुढे त्यात रेघ ओढलेली होती. सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये दट्ट्या जेवढी जागा व्यापत सरकतो तिचे घनफळ. मोटरला सिलिंडरच नाही, तर सीसी कुठून येणार? पुढच्या वेळी तिथे मोटरची शक्ती किलोवॅटमध्ये द्यावी आणि पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांची शक्तीही त्याच एककात छापावी, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक