आयटी विभागातल्या मॅडमना

मॅडम,

परवा तुम्ही माझ्या टेबलापासून उठलात तेव्हा धड आभारही मानता आले नाहीत, घसा दाटून आला होता. ईमेलच्या सेटिंगसाठी एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण गेले काही महिने मी कुठल्या धास्तीत काढले ते माझं मला माहीत.

माझं स्वतःचं, बिलांचं आणि तक्रारींचं, अशी तीन खाती थंडरबर्ड या एकाच ईमेल प्रोग्रॅममध्ये. तक्रारीला दिलेलं उत्तर माझ्या नावाच्या पत्त्यावरून जायचं. मग ग्राहक पुढचं सगळं मलाच लिहायचा, आणि मी रजेवर गेले की त्याची तक्रार तशीच पडून. बोलणी मात्र मी खायची. तुमच्याआधी दोघे येऊन गेले. एकाने "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल" म्हणत हात झटकले. दुसऱ्याने बिलांचं खातं काढून नव्याने जोडलं. ते पॉप३ वर होतं, मेल सर्व्हरवरून उतरून फक्त माझ्या मशीनवर होते, हे त्याने पाहिलंच नाही. दोन वर्षांचे मेल गेले. "आता काही होणार नाही," म्हणाला आणि निघून गेला.

तक्रारींचं खातंही पॉप३ वरच होतं. तुम्ही माउसला हात लावण्याआधी विचारलंत, "यातलं काय गेलेलं तुम्हाला अजिबात चालणार नाही?" मग आख्खं प्रोफाइल, म्हणजे सगळे मेल आणि सेटिंग असलेला फोल्डर, बाहेर कॉपी केलंत आणि माझ्या वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलने एकेका फोल्डरमधल्या मेलचा आकडा लिहिलात. इनबॉक्स, ४३१२. आयमॅपचं खातं, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात आणि दुसऱ्या टेबलावरूनही दिसू शकतात असं, जोडून जुने मेल त्यात हलवून झाल्यावर वही माझ्याकडे सरकवलीत. "आता तुम्ही बघा." ४३१२! तुम्ही आकड्यापुढे बरोबरची खूण केलीत, मगच पुढच्या फोल्डरला गेलात.

मला या वहीबद्दलच लिहायचं होतं. माझी भीती तुम्ही खुळी ठरवली नाहीत. समोरच्याचा जीव कशात अडकलाय ते आधी विचारणारी माणसं फार थोडी भेटतात, आणि ती भेटली की दिवसभर काम करायला हुरूप येतो.

बाकीचं पटकन झालं. तक्रारींच्या खात्यात पाठवणारा म्हणून माझाच पत्ता भरलेला होता, तो बदललात. तीन खात्यांना मेलच्या शेवटी आपोआप येणाऱ्या तीन सह्या लावून दिल्यात.

काल मी रजेवर होते. आज येऊन पाहिलं, तर कालच्या तक्रारींना शेजारच्या टेबलावरून उत्तरं गेली होती, तक्रारींच्याच पत्त्यावरून.