आवाजाचा फोटो छापला, तपासणीचं काय?

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत कायरोप्रॅक्टरवर, म्हणजे हातानं मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्यांवर, अर्धं पान छापलंत, फोटो झकास, पण वाचून एवढंच कळलं की माणसाला पालथं झोपवतात, कडकन आवाज येतो आणि दुखणं गायब. अहो पण दुखतंय कशामुळं ते शोधतात कसं, यावर एक ओळ नाही.

माझी बहीण इंग्लंडात लेस्टरला असते, तिची कंबर धरली आणि पायात कळ जायला लागली तेव्हा तिच्यासोबत मी तिथल्या एका कायरोप्रॅक्टर बाईंकडं गेले होते. तिकडं 1994 चा कायदा आहे, नोंदणी नसेल तर स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेता येत नाही. त्या बाईंनी आधी बराच वेळ नुसतं विचारलं, लघवीवर कंट्रोल आहे ना, बसायची जागा बधीर वाटते का, ताप येतो का, वजन उतरलंय का, दुखण्यानं रात्री झोपेतून जाग येते का, पूर्वी कॅन्सर वगैरे झालाय का. (आपल्याकडं ताप, उतरतं वजन आणि पाठदुखी एकत्र आली की मणक्याचा टीबी आधी डोक्यात यायला हवा.) मग पुढं वाकवलं, मागं वाकवलं, गुडघ्यावर हातोडी मारली, उताणं झोपवून पाय सरळच ठेवून हळूहळू वर उचलला तर अर्ध्यावर पोचायच्या आतच पोटरीखाली कळ गेली, म्हणजे नस दाबली जात असणार. पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगून त्यांनी तो हातानं खाली दाबून बघितला, ताकद शाबूत होती. मणक्यांवरून बोटं फिरवली ती सगळ्यात शेवटी, आणि एक्सरेचं नावसुद्धा काढलं नाही.

बोटं शेवटी तेच बरं. एकाच पेशंटला दोघांनी चाचपलं तर नेमका कुठला मणका अडलाय यावर त्यांचं फारसं जमत नाही, हे अभ्यासांत दिसलेलं आहे, आणि एक पाय आखूड दिसतोय म्हणून निदान करणं तितकंच कच्चं. तुमच्या लेखातलं ‘सरकलेला मणका जागेवर बसवला’ हे तर 1895 चं, ही पद्धत सुरू करणाऱ्या अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टच्या डी. डी. पामरचं, खुद्द ब्रिटनमधे कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनं 2010 मधे सांगून टाकलंय की असा सरकलेला मणका रोगाचं कारण आहे म्हणायला पुरावा नाही. आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते म्हणून, हाड बसलं म्हणून नाही. पण उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाणारे आपण, आवाज आला की निम्मं बरं वाटतंच!

आणि ‘एमआरआयमधे (दोन मणक्यांमधली) गादी सरकलेली दिसली’ म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही, 2015 च्या एका आढाव्यात काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतही 100 पैकी 30 जणांत गादी फुगलेली निघाली होती. रिपोर्ट आणि पायाची परीक्षा जुळतेय का ते बघावं लागतं.

मानेचं तर वेगळंच. मानेला झटका देताना रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा आल्याच्या केसेस आहेत, क्वचित असतील पण आहेत, आणि तुमच्या फोटोत नेमकी मानच धरलीय. पुढच्या पुरवणीत कुणा ऑर्थोपेडिक किंवा फिजिओथेरपिस्टकडून ते वरचे प्रश्न तेवढे चौकटीत छापून घ्याल का?

एक जुनी वाचक, सांगली