कॅन्सरमधून उठलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांसाठी मदतीचे आवाहन

समस्त गावकरी आणि नोकरीधंद्यासाठी बाहेरगावी असलेली गावची लेकरे यांना सप्रेम नमस्कार.

मंडळाची घरपोच शुश्रूषा सेवा उभी राहिली ती गुरुजींमुळे, हे सर्वांना ठाऊक आहे. पेन्शनची थकबाकी हाती येताच त्यांनी डोक्याकडून वर होणारा पलंग घेऊन दिला. जिनवाल्या शेटजींनी हवेची गादी दिली. बचत गटाच्या बायांनी पापड-कुरड्या विकून घशातला कफ ओढून काढणारी सक्शन मशीन आणली. एका शेतकरी दादांनी तर मुलीच्या लग्नातला रोख आहेर जसाच्या तसा आणून दिला. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. या सगळ्यांचे उपकार मंडळ विसरणार नाही.

ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) सरकारच्या महात्मा फुले योजनेत होतात. सेवाग्राम-नागपूरचे डॉक्टर माणूस वाचवून घरी पाठवतात. पण घरी कोण? पोरं पुण्याला, इथे दोघे म्हातारे. खर्र्यापायी (तंबाखू-सुपारीपायी) जबड्याचे ऑपरेशन झालेल्याच्या नाकात नळी असते. पेज कापडाने गाळायची, माणसाला नीट बसवून हळूहळू सोडायची, शेवटी साधे पाणी सोडायचे, नाहीतर नळी चोंदते. लगेच आडवे केले तर पेज छातीत जायची भीती. आपल्या सिस्टरबाईंनी हे कितीतरी सुनांना हात धरून शिकवले. खालच्या मोहल्ल्यातल्या बाबांचे तोंड शेकानंतर उघडतच नव्हते. दातांत आइस्क्रीमच्या काड्या धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची, असा व्यायाम बाईंनी त्यांच्याकडून नेटाने करून घेतला. परवा त्यांनी दुधात कुस्करलेली भाकर स्वतःच्या हाताने खाल्ली! केमोने तळपाय बधिर झालेल्या आजी रात्री उठताना पडू नयेत म्हणून संडासाच्या भिंतीला दांडाही बाईंनीच बसवून घेतला.

आज याच बाईंचे मानधन थकले आहे, तरी त्यांनी एकही घर चुकवलेले नाही. आजूबाजूच्या खेड्यांतूनही बोलावणी येतात, त्यामुळे दुसरी सिस्टर लागणारच. मागच्या आवाहनाला बाहेरगावाहून फार थोड्यांनी उत्तर दिले. डीजेची वर्गणी मात्र एका संध्याकाळी जमली. बोलू नये, पण मनाला लागले. ज्यांच्या घरी बाई जातात ते कोणाचे तरी आईबापच आहेत ना?

रोख देणगी कार्यालयात सायं. ६ ते ८ (पावती अवश्य घ्यावी). खाते क्रमांक व क्यूआर कोड ग्रामपंचायतीच्या फलकावर. वस्तू: नाकाच्या नळ्या, हातमोजे, मोठ्यांचे डायपर, ऑपरेशननंतर पोटावर लावायच्या शौचाच्या पिशव्या – सीलबंदच, घरातली उरलेली औषधे आणू नयेत. कापूस विकल्यावर देणार असाल तर आत्ता नाव नोंदवावे. पैसा नसेल त्यांनी वेळ द्यावा: उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी असते, तारखेला पेशंटला दवाखान्यात नेऊन आणायला गाडीवाले हवेत. दिवाळीला गावी येणाऱ्यांनी कार्यालयात चक्कर टाकावी, हिशोबाची वही दाखवू.

आपला नम्र,
सचिव (मंडळाकरिता)