महागाईच्या बातमीत निर्देशांकही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास किरकोळ महागाईचा आकडा जाहीर होतो आणि अनेकदा दुसऱ्या दिवशी 'महागाई घटली' असा मथळा झळकतो. जळगावच्या बाजारातून पिशवी भरून आलेल्या वाचकाला मग वाटते, सरकार तरी खोटे बोलते किंवा पेपर तरी. खरे तर घटलेला असतो भाववाढीचा वेग. भाव चढतच असतात, फक्त जरा सावकाश.

हिशेब सोपा आहे. निर्देशांक म्हणजे एखाद्या ठरावीक (पायाभूत) वर्षाचे भाव 100 धरून आजचे भाव दाखवणारा आकडा. या महिन्याच्या निर्देशांकातून गेल्या वर्षीच्या याच महिन्याचा निर्देशांक वजा करायचा, उरेल त्याला गेल्या वर्षीच्या आकड्याने भागून 100 ने गुणायचे, की महागाईचा दर मिळतो. याच महिन्याशी तुलना का, तर हंगामामुळे. चंपाषष्ठीला भरताची वांगी तेजीत असणारच. ती कार्तिकातल्या भावाशी ताडली तर दरवर्षी भडकाच दिसेल. (आणि एकटे वांगे महागले म्हणजे महागाई नव्हे, शेकडो वस्तू-सेवांची सरासरी पाहावी लागते.)

गफलत होते ती इथे. जुलै 2023 मध्ये टोमॅटोने कहर केला, दर 7.44 टक्के झाला, निर्देशांक 186.3 होता. जुलै 2024 मध्ये दर 3.54 टक्क्यांवर आला, पण निर्देशांक 192.9 होता. दर निम्म्याहून खाली, भाव मात्र आणखी वर. जुलै 2022 मधला 100 रुपयांचा बाजार 2023 मध्ये 107 रुपये 44 पैशांना पडला, 2024 मध्ये 111 रुपये 24 पैशांना. शिवाय आदल्या वर्षीचा निर्देशांकच उंच असल्याने नवा दर ठेंगणा दिसतो, हे बातमीत क्वचितच येते.

ऑक्टोबर 2025 ची गोष्ट वेगळी. तेव्हा दर 0.25 टक्के होता आणि खाद्यपदार्थ वर्षापूर्वीपेक्षा खरोखरच 5 टक्क्यांनी स्वस्त होते. 'स्वस्ताई' हा शब्द तिथे, खाद्यपदार्थांपुरता, शोभतो. त्याच काळात सोने वर्षभरात निम्म्याहून अधिक चढले होते, हे जळगावकरांना सांगायला नको. तेव्हाच्या निर्देशांकात सोन्याचा भार (म्हणजे एकूण खर्चातला वाटा) जेमतेम 1 टक्का, तरीही ते वगळले असते तर दर शून्याखाली गेला असता!

घाऊक आणि किरकोळ यांची सरमिसळ तर नेहमीची. घाऊक निर्देशांकात सेवा नसतात. शाळेची फी, डॉक्टरचे बिल, एसटीचे भाडे त्यात शोधू नये. जुलै 2023 मध्ये किरकोळ दर 7 टक्क्यांवर असताना घाऊक दर उणे होता.

खानदेशचा वेगळा महागाई दर निघत नाही. आकडे देशाचे आणि राज्याचे असतात. मात्र ग्रामीण आणि शहरी असे दोन आकडे येतात, ते आपल्याकडे छापले जात नाहीत. 2012 पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत खाद्यपदार्थांचा भार ग्रामीण भागासाठी 54.18 टक्के होता, शहरी भागासाठी 36.29. ग्रामीण हिशेबात घरभाडेच नव्हते. तेल-डाळ महागली की शहाद्याकडच्या खेड्याला धुळे शहरापेक्षा जास्त चटका बसतो, तो एकत्रित आकड्यात दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेचे लक्ष्यही शून्य नाही, 4 टक्के आहे, दोन्हीकडे 2 टक्क्यांची मोकळीक ठेवून. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे घडले तरी साधारण 18 वर्षांत भाव दुप्पट होतात. मुदत ठेवीचे व्याज मोजताना हे धरावेच लागते.

दर 5 वरून 4 टक्क्यांवर आला तर '1 टक्क्याने घट' लिहू नये. ती घट 20 टक्क्यांची ठरते. 'पाचावरून चारावर' एवढेच लिहावे. सोबत दोन्ही वर्षांचे निर्देशांक आणि ग्रामीण दर यांची दोन ओळींची चौकट पुरे. पहिला आकडा तात्पुरता असतो, हेही त्यात असावे. वर दिलेला जुलै 2024 चा 3.54 पुढच्या महिन्यात 3.60 झाला होता.

आपला,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक, अमळनेर