कापलेलं पान कोणाकडे आहे?

संपादक महोदय,

मंगळवारच्या अंकातला संशोधक विद्यार्थ्यांची टिंगल करणारा 'अकरा वाजता उजाडणारे विद्वान' हा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की शेवटी तरी लेखक "गंमत केली हो" म्हणतील. म्हणाले नाहीत. त्यांच्या निरीक्षणाला दाद द्यायला हवी. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी किती वाजता उठतो हे त्यांनी टिपलं. तो झोपला किती वाजता, हे बघायला ते थांबले नसावेत. मी स्वतः सातला उठते. त्याचा उपयोग काही नाही. वाचनकक्ष दहाला उघडतो आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते, ते साडेअकराला येतात. म्हणजे लेखकांचं अकराचं गणित अगदीच चुकलेलं नाही, एवढं मान्य.

माझा विषय सांगून टाकते: वाचकांची संपादकांना पत्रे. तीन वर्षं झाली, दुसऱ्यांची पत्रं वाचते आहे; स्वतः लिहिलेलं हे पहिलंच. अंक वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी चिडून लिहिलेलं पत्र मूळ मुद्दा सोडून कसं भरकटतं, यावर माझं एक अख्खं प्रकरण आहे. तेव्हा या पत्राचं पुढे काय होणार हे मला ठाऊक आहे.

लेखातली बाकीची टिंगल सोडून देते. "आता तर सगळं एका क्लिकवर मिळतं" हे वाक्य मात्र सोडवत नाही.

मला जुन्या वर्तमानपत्राचा एक खंड हवा होता. फक्त एक. ग्रंथालयाच्या संगणकावर तो 'उपलब्ध' होता. (क्लिक एकच लागला, हे खरं.) मागणीची चिठ्ठी भरली. चार दिवसांनी कळलं, खंड बांधणीला गेला आहे. आठवड्याने कळलं, बांधणीहून कधीच परत आलाय, पण जागेवर नाही. शेवटी तो सापडला भलत्याच वर्षाच्या रांगेत, कारण बांधणाऱ्याने पाठीवर साल चुकीचं छापलं होतं. एकोणीस दिवस. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे. आमच्या ग्रंथालयात ते पाचही नियम चौकटीत लावलेत. वाट बघताना मी ते बरेचदा वाचले.

खंड हातात आला. पेन बाहेर ठेवायचं, पिशवी बाहेर ठेवायची, आत फक्त पेन्सिल. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातलाच एक घटक, हवा-उजेड लागून पिवळं पडत जातं, कागदातल्या आम्लाने तो ठिसूळ होतो. पान कितीही जपून उलटा, कड मोडतेच. संध्याकाळी उठताना मांडीवर तपकिरी चुरा असतो. तो झटकताना दर वेळी अपराधी वाटतं, कारण तो चुरा म्हणजे कोणाच्या तरी वाक्याचा शेवट असतो.

मला हवं होतं जून महिन्यातलं एक पत्र. त्याच्यावर पुढचे तीन आठवडे उत्तरं आली होती. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिणाऱ्याला जाहीर माफी मागायला सांगितली होती. एका बाईंनी लिहिलं होतं की इतकी वर्षं मनात होतं ते कोणीतरी बोललं, बरं झालं. एका गृहस्थांनी निषेधाची चार कडव्यांची कविता पाठवली होती आणि संपादकांनी ती छापलीही होती. शेवटी चौकट: 'हा पत्रव्यवहार येथे थांबवण्यात येत आहे.' इतकं सगळं माझ्याकडे उतरवलेलं आहे. मूळ पत्रात काय होतं, एवढंच कळत नाही. उत्तर देणाऱ्यांपैकी एकालाही ते पुन्हा सांगावंसं वाटलं नाही. वाचकांना माहीतच आहे असं धरून सगळे चिडले होते.

पान पाच उघडलं. पत्राच्या जागी चौकोनी भोक. ब्लेडने, पट्टी लावून कापलेलं. महिनोन्महिन्यांच्या मोडक्या कडांमध्ये तेवढी एकच कड सरळ होती. मागच्या पान सहावरचं जे काही होतं तेही अर्थातच गेलं. म्हणजे कापणाऱ्याला माझं पत्र हवं होतं की मागची एखादी जाहिरात, हेही सांगता यायचं नाही.

ग्रंथपाल म्हणाले, "मायक्रोफिल्म आहे की!" म्हणजे पानांचे बारीक फोटो काढून ठेवलेली फिल्म. ती मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रासमोर मी दोन दिवस बसले. अक्षरं डोळ्यांसमोरून सरकत राहतात. दुसऱ्या तासाला गरगरायला लागतं. जून आला, पान पाच आलं. भोक तिथेच! फिल्म काढली तीच पान कापल्यानंतर. चौकोनातून खालच्या पान सातवरचे बाजारभाव स्वच्छ दिसत होते. चांगली मायक्रोफिल्म नीट ठेवली तर पाचशे वर्षं टिकते म्हणतात. पत्र गेलं, भोक तेवढं पाचशे वर्षं टिकेल.

स्कॅन केलेली प्रतही बघितली, तोच एक क्लिक करून. ती त्या फिल्मवरूनच केलेली. शिवाय मजकूर यंत्राने वाचलेला आहे, त्यामुळे पानावर डाग पडला की उकार होतो. 'संपादकांस पत्र' असं शोधलं तर काही सापडत नाही. 'संपादकांस पुत्र' असं शोधलं की बरीच सापडतात. त्या काळच्या सर्व संपादकांचं उशिरा का होईना अभिनंदन.

हे सगळं मी माझ्या गाइडना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तळटीप टाक, 'पान फाटलेले'." मॅडम, फाटलेलं नाही, कापलेलं आहे. यावर आमचा दहा मिनिटं वाद झाला. प्रकरण दोन महिन्यांनी परत आलं तेव्हा समासात एकच शब्द होता, 'विस्तार'. आधीच्या खेपेला त्याच परिच्छेदावर 'संक्षेप' होता. असो.

मग प्लेजरिझम, म्हणजे वाङ्मयचौर्य, तपासणारं सॉफ्टवेअर. त्याने एकतीस टक्के मजकूर उचललेला ठरवला. त्यात काय होतं? विद्यापीठाचं नाव, 'ऋणनिर्देश' हा शब्द, संदर्भसूची, अवतरणचिन्हांत दिलेली जुनी पत्रं, आणि याच प्रकरणावर मीच छापलेला लेख. आमच्याकडे लेख छापल्याशिवाय प्रबंध स्वीकारत नाहीत आणि छापला की स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखं होतं. ते निस्तरायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी अकराला उठले असेन, दोनचार वेळा. लेखकांना तेवढं देऊन टाकते.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. कापलेलं पान दाखवायला मी खंड घेऊन काउंटरवर गेले तेव्हा तावातावाने म्हटलं होतं, "कसली माणसं येतात इथे?" तिथले शिपाईकाका शांतपणे म्हणाले, "बाहेरची माणसं कशाला येतात या खोलीत? तुमच्यासारखेच येतात." मी वाद घातला नाही. घालणार काय? त्या खोलीच्या वहीत सह्या आमच्याच असतात. आपल्या लेखकमहाशयांनी उठण्याच्या वेळेवरून आम्हाला झोडपलं, पण खरं झोडपायला हवं होतं ती ही बाब त्यांना सापडलीच नाही. संशोधन थोडं कमी पडलं म्हणायचं.

आता आपल्याकडे वळते. गेल्या वर्षी आपण वेबसाइट नवी केलीत, दिसायला छान आहे. पण जुन्या मजकुराचे सगळे पत्ते बदलले आणि माझ्या सोळा तळटिपा एका रात्रीत मेल्या. तिथे गेलं की 'आपण शोधत असलेले पान अस्तित्वात नाही' असं येतं. ते अस्तित्वात होतं, मी वाचलंय, तारखेनिशी नोंदलंय. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये तपासलं तेव्हा २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. कागदाचं पान कापायला ब्लेड लागतं, पट्टी लागते, शिपाईकाकांची नजर चुकवावी लागते. आपल्याला काहीच लागलं नाही. सोळांपैकी नऊ पानं मला वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या साइटवर मिळाली. उरलेली सात आपल्या कार्यालयात कुठेतरी असतीलच. मार्चपासून तीन ईमेल केले आहेत. उत्तर आलं ते एकाच ईमेलला, तेही यंत्राचं: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'

वाचकांना एक विनंती. एखाद्या जुन्या वहीत, फायलीत, पेटीच्या तळाशी अंदाजे तळहाताएवढं, चारी बाजूंनी सरळ कापलेलं, 'संपादकांस' या शब्दाने सुरू होणारं कात्रण कोणाला सापडलं तर कृपया या वर्तमानपत्राकडे त्याचा फोटो पाठवावा. कात्रण परत नको, नाव नको, कसं आलं ते सांगायला नको. फक्त दोन्ही बाजूंचा फोटो काढावा. मागे काय होतं तेही मला बघायचं आहे.

पत्र जागेअभावी कापावं लागलं तर सुरुवातीपासून कापा, विनंती राहू द्या. माझं नाव छापू नये. मॅडम आपलंच वर्तमानपत्र घेतात.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी