पोळी सोडण्याआधी गोळी सांगा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजन उतरवलेल्या माणसांचे अनुभव येतात. त्यांची कात्रणं काढून ठेवणाऱ्या वाचकांपैकी मी एक. कुणी भात-पोळी सोडून पंधरा किलो उतरवले, कुणी वर्षभर साखरेला हात लावला नाही. वाचून हुरूप येतो. पण त्या माणसाला आधीपासून कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे मला कुठल्याही कात्रणात सापडलं नाही. मलाही ते कुणी विचारलं नव्हतं. त्यापायी मागच्या नवरात्रात मी दोन रात्री आयसीयूमध्ये काढल्या, म्हणून हे पत्र.

ठाण्यात नौपाड्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. बावीस वर्षं झाली. मी आणि तीन मावशी मिळून रोज साडेचारशे पोळ्या करतो. संध्याकाळी सातनंतर स्टेशनवरून घरी परतणाऱ्यांची काउंटरवर रांग लागते. माझं वय ५२, मधुमेहाला नऊ वर्षं झाली. मागच्या वर्षी वजन ८४ किलोवर गेलं. उंची पाच फूट एक इंच, त्यात दिवसभर उभ्याचं काम. गुडघे इतके धरायचे की रात्री दुकानाचं शटर ओढायला मुलाला बोलवावं लागे.

माझ्या जाऊबाई एका वजन घटवण्याच्या ग्रुपवर होत्या. त्यांनी सात किलो कमी केले, मग मीही पैसे भरले. तिथल्या कोचने पहिल्याच दिवशी नियम सांगितला: दिवसभरात कर्बोदकं २० ग्रॅमच्या आत. मी लगेच हिशेब मांडला. आमची लाटी ४० ग्रॅमची असते, त्यात पीठ साधारण २५ ग्रॅम, बाकी पाणी आणि तेल. गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं धरली, तर एका पोळीत सतरा-अठरा ग्रॅम. म्हणजे एक पोळी खाल्ली की दिवस संपला. पोळी गेली, भात गेला. वरणसुद्धा गेलं, कारण तूरडाळीतही निम्म्याहून जास्त भाग कर्बोदकांचाच असतो. वरण सुटलं ते मला पोळीपेक्षा जड गेलं. उरलं काय, तर अंडी, पनीर, मेथी, वांग्याचं भरीत, किसलेल्या फ्लॉवरचा भात, रविवारी बांगडा, आणि सगळ्यावर तूप.

पहिल्या आठ दिवसांत तीन किलो गेले. ती चरबी नव्हती, हे मला फार नंतर समजलं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो आणि त्यातला एकेक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. पोळी-भात थांबला की साठा संपतो आणि पाणी वाहून जातं. पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून पहिले दिवस डोकं दुखतं, पायात गोळे येतात, उठताना भोवळ येते. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याला तर ती भोवळ महागात पडू शकते. पण त्यानंतरही वजन उतरत राहिलं. सात आठवड्यांत मी ७६ किलोवर आले. उपाशीपोटीची साखर १७० वरून १२० च्या खाली आली. जिना चढताना धाप लागेनाशी झाली. मला खरोखर बरं वाटत होतं आणि ते मी नाकारणार नाही. मधुमेह असलेल्या माणसाने पोळी-भात कमी केला की साखर उतरते, यात वादाला जागाच नाही.

ग्रुपवर रोज सकाळी एक कार्यक्रम असे. औषधाच्या दुकानात मिळणारी कीटोनची पट्टी लघवीत बुडवायची आणि तिचा फोटो टाकायचा. शरीर चरबी जाळायला लागलं की कीटोन तयार होतात आणि पट्टीचा रंग फिकट गुलाबीवरून जांभळ्याकडे सरकतो. ज्याची पट्टी जास्त गडद त्याला जास्त टाळ्या. माझी पट्टी वांग्याच्या सालीसारखी गडद झाली, तेव्हा ग्रुपवर माझं नाव घेऊन कौतुक झालं. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

मग घट बसले. नऊ दिवसांचा उपास मी लग्नाआधीपासून करते. यंदा साबुदाणा नाही, वरीचे तांदूळ नाहीत, रताळं, बटाटा, राजगिरा काहीच नाही, कारण सगळे पिठूळ पदार्थ. कोचला विचारलं तर उत्तर आलं, 'उपास उत्तम, वजन आणखी झरझर उतरेल.' मी ताक, मूठभर शेंगदाणे आणि खोबऱ्याचा तुकडा यांवर राहिले. ऑक्टोबरचा उकाडा, समोर चार तवे, त्यात नवरात्रामुळे साबुदाणा खिचडी आणि थालीपिठाच्या जादा ऑर्डरी. घामाने पदर पिळावा लागत होता आणि पाणी प्यायचीही आठवण राहत नव्हती. मधुमेहाच्या गोळ्या मात्र एकही दिवस चुकल्या नाहीत.

चौथ्या माळेला मळमळ सुरू झाली, मग उलट्या, मग पोटात कळ. जवळच्या दवाखान्यात गेले. त्यांनी साखर पाहिली, १७२. 'साखर काही वाईट नाही, उपासाने पित्त झालंय,' म्हणून इंजेक्शन दिलं. घरीही सगळे तेच म्हणाले आणि मलाही तेच वाटलं, कारण मधुमेहाचं काही बिघडलं तर साखर तीनशे-चारशेवर जाते एवढंच आम्हाला माहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पलंगावर नुसती पडून होते, तरी धावून आल्यासारखा श्वास चालला होता. मुलगी कपाळाला बाम लावायला वाकली आणि म्हणाली, आई, तुझ्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येतोय. रात्री दहाला रिक्षा केली. टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीने रस्ते भरलेले, दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मिस्टरांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही मनगटावर वळ होता.

रुग्णालयात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने दोन प्रश्न विचारले: 'काकू, गोळ्या कोणत्या घेता? आणि जेवणात काय असतं?' मिस्टरांनी पिशवीतून पाकिटं काढली. एका पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांवर तिने बोट ठेवलं आणि ती तशीच फोनकडे गेली. लघवी तपासली. पट्टी जांभळी झाली, अगदी माझ्या फोटोतल्यासारखी. रक्त तपासलं तर ते आम्लधर्मी झालेलं. रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ असावा लागतो, माझा ७.१ च्या घरात होता. मग सलाईन, इन्शुलिन आणि त्याच्यासोबत ग्लुकोज. ज्या साखरेला सात आठवडे दाराबाहेर ठेवलं, ती थेंब थेंब शिरेतून आत जात होती, कारण इन्शुलिन देऊन कीटोन थांबवायचे तर सोबत साखर द्यावीच लागते.

ते बारीक अक्षरांतलं नाव होतं डॅपाग्लिफ्लोझिन. याच कुळातली एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन. नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असतं. या गोळ्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढतात. एकीकडे गोळी साखर बाहेर टाकते, दुसरीकडे आपण पोटात कर्बोदकं घालत नाही, वर उपास आणि घाम. शरीरातलं इन्शुलिन फार खाली जातं आणि कीटोन बनत राहतात, इतके की रक्तात आम्ल साचतं. साखर मात्र दीडशे-दोनशेच दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. या धोक्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच इशारा दिलेला आहे. आपल्याकडे डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट २०२० मध्ये संपलं, अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या, किंमत उतरली आणि आता ती घराघरांत आहे. बऱ्याचदा मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असते, त्यामुळे पाकिटावरचं मोठं नाव वाचून कळतही नाही.

ही गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. हृदयाला आणि मूत्रपिंडांना तिचा फायदा होतो, हे मला समजावून सांगितलं आहे. माझं पत्र वाचून कुणी ती परस्पर बंद करू नये, हात जोडून सांगते. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी, त्यांनी पोळी-भात एकदम सोडला तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. म्हणून जेवण बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे ते गोळी बदलतील किंवा कमी करतील.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला सांगितलं की हा कीटोचा आहार, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ तोडून तूप-तेलावर राहायचं, मुळात वजनासाठी निघालाच नव्हता. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. आजही औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स येणाऱ्या मुलांना तो देतात, पण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली, वेळोवेळी रक्त तपासून. माझ्या ग्रुपवर सव्वादोनशे माणसं होती. त्यांच्याकडून वजन, उंची, कंबरेचं माप लिहून घेतलं, फी घेतली. गोळ्यांचा रकाना नव्हता. मी घरी आल्यावर कोचला फोन केला. तो रकाना घाला, एवढंच मागणं होतं. 'ताई, तुम्ही पाणी कमी प्यायलात,' एवढं बोलून फोन ठेवला गेला. त्या ग्रुपवर अजूनही जांभळ्या पट्ट्यांचे फोटो पडत असतील आणि त्यांतल्या कुणाच्या तरी पाकिटावर ती बारीक अक्षरं असतील, या विचाराने मला झोप लागत नाही.

आता मी जेवणात दोन पातळ फुलके घेते. वाटीभर वरण किंवा उसळ, दुप्पट भाजी, दही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसभराच्या उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून जास्त धान्यांतून नकोत असं म्हटलं आहे. आपल्या घरांत ते प्रमाण किती वर जातं, हे दोन मोठे डाव भात वाढणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. मी स्वतः पोळ्या विकते, तरीही सांगते की आपल्या ताटात पोळी-भात जास्त होतो. माझं वजन आज ७५ आहे. महिन्याला अर्धा किलोसुद्धा कधी उतरत नाही.

माझ्याकडेही आता बिनपोळीचे डबे मागणारे येतात. डबा लावायच्या वहीत मी एक रकाना आखला आहे, 'चालू गोळ्या'. चरईतल्या एका काकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन आले. मागे तीच बारीक अक्षरं. डॉक्टरांना भेटून या, मगच डबा लावते, असं त्यांना सांगितलं. आठवड्याने आले ते नवी चिठ्ठी घेऊन.

संपादक महोदय, वजन घटवण्याचा अनुभव छापाल तेव्हा त्याच्याखाली चार ओळींची चौकट द्या. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेत असाल तर आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, 'फ्लोझिन' चालू असेल तर कर्बोदकं एकदम तोडू नका, आणि मळमळ, उलट्या, जोराचा श्वास यांपैकी काही झालं तर साखर ठीक दिसली तरी कीटोन तपासून घ्या. चौकट आली की कात्रण मी काउंटरवर, दरपत्रकाच्या वर चिकटवणार आहे. संध्याकाळी तिथे प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं तरी थांबावं लागतं.

आपली विश्वासू,
एक पोळी-भाजी केंद्रचालक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)