उंदरांच्या डॉक्टरीणबाईंना

दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या भाचीला,

गणपतीत काकूंकडे आली होतीस. मी 'डॉक्टरबेन' म्हटलं तर हसून म्हणालीस, "ताई, मी उंदरांची. माणसांची नाही." परवा पोराच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडला तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. फोनवर बोलायला गेले तर रडेन, म्हणून लिहिते.

तुझ्याआधी चार डॉक्टर झाले. एकाने माझ्या सहा वर्षांच्या पोराची हनुवटी धरून "माझ्याकडे बघ" चालवलं आणि तो किंचाळल्यावर मलाच सुनावलं, "मोबाईल देणं बंद करा." दुसरीकडे "परदेशात यावर उंदीर बरे झालेत" म्हणत इंजेक्शनांचा लाखांतला हिशेब मांडला. आम्ही सोनं मोडायच्या बेतात होतो. "आमच्या घराण्यात असं कुणी नाही," हे सासरकडून ऐकत होते ते वेगळंच.

आरती झाली आणि तू सतरंजीवर त्याच्या शेजारी बसलीस. समोर नाही, शेजारी. तो जीप उलटी करून चाक फिरवत होता. त्याच्याकडे न बघता तू तळहात जमिनीवर उताणा ठेवलास आणि माझ्याशी मोदकांच्या पारीबद्दल बोलत राहिलीस. हातावर मुंगी चढली तरी हलवला नाहीस. बऱ्याच वेळाने त्याने जीप हळूच तुझ्या हातावर ठेवली. परक्या माणसाला त्याने आपणहून काही दिलं, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

हे कुठे शिकलीस विचारलं, तर म्हणालीस, "लॅबमध्ये. उंदराला शेपटीने उचललं की तो पुढच्या वेळी हात बघूनच पळतो. ओंजळ पुढे धरून थांबलं तर जवळ येतो." डॉक्टर हुशारच असतात गं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुंगी चढली तरी हात न हलवणारं माणूस मला सहा वर्षांत एकच भेटलं.

चहाची बशी धरताना माझ्या वडिलांचा, आबांचा हात थरथरतो, तेही तूच टिपलंस आणि 'फ्रॅजाइल एक्स' या आनुवंशिक आजाराची रक्ततपासणी करून घ्यायला सांगितलंस. एका जीनमध्ये, म्हणजे जनुकात, सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, ती २०० च्या वर गेली की जीन गप्प बसतं, एवढं मला समजलं. तेच जीन बंद केलेले उंदीर १९९४ मध्ये तयार झाले आणि मोठ्या आवाजाने त्यांना झटके येतात, हे ऐकून मी गप्पच झाले. नवरात्रात गरब्याचे स्पीकर लागले की आमचा कान दाबून पलंगाखाली शिरतो. मी त्याला लाडावलेपण म्हणत आले होते.

"मग उंदीर खरंच बरे झाले का?" तू लपवलं नाहीस. औषधाने उंदरांचे झटके थांबले, पण त्याच जातीची औषधं माणसांच्या चाचण्यांत फेल गेली. "आमचे उंदीर सगळे एकाच घराण्यातले, एकमेकांच्या छापाचे. तुमचा मुलगा तसा नाही. सोनं मोडू नका, ताई." ज्या उंदरांवर तुझं पोट आहे, त्यांच्याबद्दल इतकं सरळ बोललीस! उंदीर दाखवून इंजेक्शनं विकणाऱ्याने त्यातला एकही पाळला नसेल.

रिपोर्टप्रमाणे ते माझ्याकडून आलंय, आणि माझ्याकडे आबांकडून. रात्रभर मला झोप नाही. सकाळी आबा आपल्या हाताकडे बघून म्हणाले, "म्हणजे यात माझाच हात!" फार दिवसांनी सगळे हसलो.

स्पीच थेरपी सुरू केली आहे. तिथल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं, समोर नको, शेजारी बसा. आणि संध्याकाळी आबा सतरंजीवर बसून तळहात पुढे धरतात. हात थरथरतो, त्याच्यावरची जीपही थरथरते. पोराला ते इतकं आवडतं की उतरवू देत नाही.

तुझी,
शेजारची ताई